रकाना कोरा ठेवू नका: समुद्र आणि जंगलाच्या संवर्धन-संशोधनात यायचं असेल तर

माझ्या पहिल्या हंगामाची वही अजून माझ्याकडे आहे. कांदळवनातल्या खेकड्यांची बिळं मोजायचं काम होतं. अर्धा मीटर बाजूची चौकट चिखलावर ठेवायची, आतली बिळं मोजायची, आकडा लिहायचा, दहा पावलं पुढे जायचं आणि परत तेच. अडीच महिन्यांत तीनशेच्या वर चौकटी झाल्या होत्या. माझ्या मार्गदर्शक बाईंनी वही चाळली आणि एका कोऱ्या रकान्यावर पेन्सिलीचं टोक ठेवून विचारलं, "इथे बीळ नव्हतं, की तू इथवर पोचलीच नाहीस?"

मला सांगता येईना. काही ठिकाणी बीळ नव्हतं म्हणून मी काही लिहिलं नव्हतं. काही ठिकाणी भरती चढली म्हणून चौकट ठेवलीच नव्हती. वहीत दोन्ही रकाने सारखेच कोरे दिसत होते. असे एकेचाळीस निघाले आणि त्यांच्यामुळे अख्ख्या हंगामाचा हिशेब लागेना. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाहिलं आणि नव्हतं, तर शून्य लिहायचं. पाहिलंच नाही, तर तसं लिहायचं. पुढच्या वर्षी पुन्हा जा."

याला बावीस वर्षं झाली. मी अजून कांदळवनातच काम करते, म्हणजे समुद्र आणि जंगल यांपैकी एक निवडायची वेळ माझ्यावर आलीच नाही. मुलंमुली विचारतात, या क्षेत्रात कसं यायचं? पदवी कोणती, अर्ज कुठे? ते सगळं पुढे सांगतेच. पण एखादा जीव नाहीसा होतोय का, हा ज्या कामाचा गाभा आहे, त्या कामात "नाही" हा शब्द विश्वासाने लिहिता येणं हे पहिलं कौशल्य आहे. म्हणून सुरुवात त्या शून्यापासून केली.

आधी प्रश्न, मग प्राणी

जवळजवळ प्रत्येक जण एखादा प्राणी मनात धरून येतो. कासव, देवमासा, वाघ, धनेश. त्या ओढीत काही चूक नाही. पहाटे तीनला उठवून वाळूवर नेणारी तीच असते. पण नोकरी मिळते ती प्रश्नावर काम करता येणाऱ्याला. "मला कासवांवर काम करायचंय" हे वाक्य ऐकून समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. "वाळू तापत गेली तर या किनाऱ्यावरच्या पिल्लांत नर किती उरतील?" हा प्रश्न आहे. समुद्री कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निम्मेनिम्मे होतात, त्याच्या वर माद्या वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथल्या कोवळ्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या. या प्रश्नावर काम करायचं तर वाळूत तापमापक पुरता आला पाहिजे, रक्ताचा नमुना घेता आला पाहिजे, वाढत्या तापमानाचा आलेख वाचता आला पाहिजे. प्रश्न ठरला की काय शिकायचं ते आपोआप ठरतं. नुसता प्राणी ठरवला तर तसं होत नाही.

प्रश्नाच्या मागे गेलं की आपण कुठे पोचू, हेही आधी सांगता येत नाही. प्रशांत महासागरात पाल्मायरा नावाचं प्रवाळबेट आहे. तिथे काही भागात मूळची झाडं आहेत, काही भागात माणसांनी वाढवलेले माड. समुद्रपक्षी मूळच्या झाडांवर घरटी करतात, माडांवर फारसे बसत नाहीत. त्यामुळे माडांखालच्या जमिनीत विष्ठा कमी, नत्र कमी. पावसाबरोबर किनाऱ्याच्या पाण्यात उतरणारं नत्र कमी, मग प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, कमी आणि प्लवक खायला येणारे मांटा मासेही कमी. २०१२ मध्ये ही सगळी साखळी संशोधकांनी दाखवून दिली. जंगलातलं एक झाड बदललं आणि फरक मांटा माशापर्यंत गेला. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर असंच काम झालं. जिथे माणसांबरोबर उंदीर पोचले नव्हते त्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता उंदरांच्या बेटांच्या ७६० पट निघाली, आणि शेजारच्या प्रवाळावरच्या माशांची वाढही चांगली होती. म्हणून विसाव्या-एकविसाव्या वर्षी "मी समुद्रवाला" किंवा "मी जंगलवाली" अशी पाटी गळ्यात घालून घेऊ नका. पाणी ती पाटी मानत नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात

प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सागरविज्ञान, वनशास्त्र, मत्स्यविज्ञान या सरळ वाटा. पण माझ्या ओळखीतले काही उत्तम संशोधक भूगोल, संगणक, अर्थशास्त्र आणि मानववंशशास्त्रातून आलेत. पदवीच्या नावापेक्षा तिच्यात काय भरलं, ते मी बघते. संख्याशास्त्र मनापासून शिका. परीक्षेपुरतं नको. 'आर' ही संगणकभाषा आणि 'क्यूजीआयएस' हे नकाशांचं सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही आलीच पाहिजेत. पदव्युत्तर पदवीचा प्रबंध हा तुमच्या हातून झालेला पहिला पुरावा असतो. म्हणून संस्थेच्या नावापेक्षा, प्रबंधासाठी खरंखुरं क्षेत्रकाम करू देणारा मार्गदर्शक शोधा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना खासगीत विचारा: शोधनिबंधावर तुमचं नाव कितवं आलं, आणि आजारी पडलात तेव्हा ते कसे वागले? या दोन उत्तरांतून बहुतेक सगळं कळतं.

पीएचडी प्रत्येकाला लागत नाही. स्वतःचे प्रश्न स्वतः ठरवायचे असतील तर लागते. नकाशे, उपग्रहचित्रं, प्रयोगशाळा, संरक्षित क्षेत्राचं व्यवस्थापन यांत तिच्याशिवायही आयुष्यभराचं चांगलं काम आहे.

मोजायचं कसं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमचं निम्मं काम हेच आहे.

सगळे जीव मोजून होत नाहीत. म्हणून थोडे मोजून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. सर्वांत जुनी युक्ती खुणेची. समजा ४० खेकडे पकडून पाठीवर रंगाचा ठिपका दिला आणि सोडले. काही दिवसांनी ५० पकडले, त्यांत १० ठिपकेवाले निघाले. म्हणजे पकडलेल्यांत पाचातला एक खुणेचा. मग ४० हे एकूण संख्येच्या पाचव्या हिश्श्याइतके असणार, म्हणजे एकूण साधारण २००. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांसाठी आणि अमेरिकेच्या लिंकन यांनी १९३० मध्ये बदकांसाठी हे गणित वापरलं. आजही त्याला लिंकन-पीटरसन पद्धत म्हणतात. गणित शाळकरी आहे. अवघड आहेत त्यामागची गृहीतकं: खूण टिकली पाहिजे, मधल्या काळात कोणी आत आलं-गेलं नाही पाहिजे, आणि एकदा पकडलेला जीव पिंजऱ्याला घाबरून दूर राहता कामा नये. खेकडा वाढताना कवच टाकतो. ठिपका कवचाबरोबर जातो. मग तोच खेकडा तुमच्या हातात 'नवा' म्हणून येतो आणि तुमचा अंदाज खऱ्या संख्येपेक्षा फुगतो. गणित शिकवणारे पुष्कळ भेटतील. जिवाचं चरित्र मात्र तुम्हालाच माहीत असलं पाहिजे.

काही जीव खूण जन्मतःच घेऊन येतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. वन्यजीव-संशोधक उल्हास कारंत यांनी १९९५ मध्ये कॅमेरा-सापळ्यातल्या वाघांच्या छायाचित्रांना हेच पकडा-सोडा-पकडा गणित लावून दाखवलं. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे. नाहीतर एकच वाघ दोन होऊन बसतो. देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, तिच्या अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखतात. त्यासाठीची संगणकी पद्धत खगोलशास्त्रज्ञांच्या ताऱ्यांचे नकाशे जुळवायच्या पद्धतीवरून घेतली आहे. मला ही गोष्ट फार आवडते. कोणीतरी आकाशाकडे बघत बसलं होतं आणि त्याचा उपयोग समुद्रात झाला.

आता परत शून्याकडे. तुम्ही पाहिलं आणि दिसलं नाही. याचे दोन अर्थ होतात. एक, तो जीव तिथे नाही. दोन, तो आहे, पण तुम्हाला दिसला नाही. हे दोन वेगळे करायला एकाच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. एका फेरीत दिसण्याची शक्यता निम्मी धरली, तर तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता आठात एक. म्हणजे तीन शून्यांनंतरही थोडी शंका उरते, पण ती किती उरते हे आता सांगता येतं. मॅकेन्झी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याची नीट संख्याशास्त्रीय मांडणी केली. आज जगभरचे क्षेत्रसंशोधक ती वापरतात. ती शिका. आणि फेऱ्या आखताना, दहा नव्या जागी एकेकदा जाण्याचा मोह झाला तरी निवडक जागी तीनतीनदा जा.

अंतराचंही तसंच. सरळ रेषेत चालत, किंवा बोटीतून जात, दिसलेला प्रत्येक प्राणी लिहायचा आणि तो रेषेपासून किती लांब होता तेही. लांबचे कमी दिसतात. ते किती वेगाने कमी होतात यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. साधारण साठ ते ऐंशी नोंदी झाल्याशिवाय हे गणित भरवशाचं होत नाही. आणि अंतर डोळ्यांनी ठरवू नका, यंत्राने मोजा. माझ्या एका हंगामात आम्ही सगळे नकळत पाच आणि दहाच्या पाढ्यात बोलत होतो. आलेखावर १०, १५, २० मीटरचे सुळके उभे राहिले आणि मधे काहीच नाही.

शून्य न लिहिल्याने काय होऊ शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं. मासा घटत होता, पण मासेमारी बोटींच्या जाळ्यांत तो भरपूर येत होता. कारण उरलेला मासा दाट थवे करून राहत होता आणि बोटी नेमक्या त्या थव्यांवर जात होत्या. जिथे मासा उरला नव्हता तिथे जाळं कोण टाकणार? तिथलं शून्य बोटीच्या नोंदीत येण्याचा प्रश्नच नव्हता. संशोधन-जहाजं मात्र आधी ठरवलेल्या ठिकाणी, मासा असो-नसो, जाळं टाकत होती. त्यांचे आकडे कमी येत होते. दोन्ही आकड्यांची सांगड घालताना माशांचा साठा आहे त्यापेक्षा मोठा धरला गेला. जुलै १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली आणि तीसेक हजार माणसांचं काम गेलं. त्यांतली बहुतेक किनाऱ्यावरची साधी माणसं होती. कोणी विचारलं की तुमच्या मोजणीने कोणाचं काय बिघडतं, तर मला हे आठवतं.

झाडं पळत नाहीत म्हणून सोपी, असंही समजू नका. झाडाची जाडी जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजायची, हा जगात बहुतेक ठिकाणचा नियम. पण आधारमुळांवर उभ्या असलेल्या कांदळाचं काय? तिथे सर्वांत वरच्या आधारमुळाच्या वर ३० सेंटिमीटरवर फीत लावतात. नेमकी कुठे लावली त्याची रंगाने खूण करून ठेवा. पुढच्या वेळी बोटभर खालीवर झालं तरी झाड "वाढलं" किंवा "आटलं" असं दिसेल. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टर जंगलात एक सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाची नोंद १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होते आहे. दर पाच वर्षांनी कोणीतरी तेच खोड पुन्हा शोधतं. मेलेलं असेल तर मेलं म्हणून लिहितं. ज्यांनी पहिली फीत लावली त्यांच्यातले बरेच जण आता तिथे नाहीत, पण मोजणी चालू आहे.

आजपासून करता येईल असा सराव

कोणाच्या परवानगीची, पैशाची, पदवीची वाट न बघता हे करा. जाता-येता येईल अशी एक जागा निवडा: किनाऱ्याचा, तळ्याचा किंवा झाडांच्या रांगेचा शंभर पावलांचा पट्टा. सार्वजनिक जागा असू द्या. एकच प्रश्न ठरवा. समजा, "भरती-ओहोटीप्रमाणे इथे येणाऱ्या पाणपक्ष्यांची संख्या बदलते का?" पाच प्रजाती निवडा, ज्या तुम्हाला नक्की ओळखता येतात. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे जा. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ, अर्धा तास.

वहीत तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, आकाश, वारा, भरतीची स्थिती, सोबत कोण होतं. मग पाचही प्रजातींसमोर आकडा. दिसली नाही तर शून्य. गेला नाहीत तर "गेले नाही, ताप होता" असं स्वच्छ लिहा. पेन्सिल वापरा, शाई ओल्या कागदावर पसरते. त्याच रात्री पानाचा फोटो काढा आणि आकडे संगणकावर चढवा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर परकं वाटतं.

बारा आठवड्यांत चोवीस फेऱ्या होतात. पाच-सहा चुकल्या तरी चालतील. एक आलेख काढा आणि एका पानात लिहा: काय विचारलं, काय केलं, काय दिसलं, कशाबद्दल खात्री नाही. नोंदी 'ईबर्ड' किंवा 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवरही टाका. तिथून त्या जगाच्या सामायिक साठ्यात जातात. हे एक पान जपून ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

चिखल, पाणी आणि परत येणं

कांदळवनात भरती समोरून येत नाही. ती पाठीमागच्या ओहोळातून येते. तुमच्या पायाखालचा चिखल अजून कोरडा असतो आणि परतीच्या वाटेवरचा ओहोळ भरलेला असतो. मी एकदा अशी अडकले आहे. एका खोडाला धरून चार तास उभी होते, वही डोक्यावर. तेव्हापासून माझा नियम असा: ओहोटीच्या शेवटी काम करायचं नाही, ओहोटीबरोबर आत जायचं आणि पाणी वळायच्या आधी अर्धा तास बाहेर निघायचं, मोजणी अर्धी राहिली तरी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त आत येतं, अष्टमीच्या भांगाला कमी. भरतीचं कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. एकटं जायचं नाही. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे मागे राहणाऱ्या एका माणसाला लिहून द्यायचं, आणि त्या वेळेला आपण आलो नाही तर त्याने काय करायचं तेही.

पाण्याखाली काम करायचं असेल तर हौशी डायव्हिंगचं प्रमाणपत्र ही फक्त पहिली पायरी आहे. वैज्ञानिक डायव्हिंगचं प्रशिक्षण वेगळं असतं. अमेरिकेच्या अंडरवॉटर सायन्सेस अकादमीच्या मापदंडात ते किमान १०० तासांचं आहे. पाण्याखाली तरंगत राहून, फीत न हलवता, माशांची नावं लिहिणं ही वेगळीच कसरत आहे. प्रवाळावर गुडघा टेकला तर ज्याला वाचवायला आलात तेच मोडतं. लागोपाठ अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या, मग कोणी कितीही घाई करो.

प्रथमोपचार शिका. बोट चालवायला शिका, निदान दोर बांधायला आणि इंजिन बंद करायला तरी. आणि हे मुलींना मुद्दाम सांगते: मुक्कामाची जागा, शौचालय, रात्री कोणाबरोबर असणार, हे आधी विचारा. विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याबरोबर जाऊ नका. माझ्या तरुणपणी एका प्रकल्पात मी हे विचारलं नाही आणि तीन आठवड्यांत परत आले. परत येण्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पाण्यात-चिखलात उतरणं शक्य नसेल, शरीर साथ देत नसेल, तर दार बंद झालं असं मुळीच समजू नका. २००८ मध्ये लँडसॅट उपग्रहाची जुनी-नवी चित्रं सर्वांसाठी मोफत झाली. त्यांच्यावरून २०१३ मध्ये जगातल्या जंगलाच्या वाढ-घटीचा ३० मीटर बारकाईचा नकाशा तयार झाला. प्रवाळ पांढरं पडण्याची सूचना समुद्राच्या पृष्ठतापमानावरून, उपग्रहांतून आठवडे आधी मिळते. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला वाकिता हा छोटा शिशुक, म्हणजे डॉल्फिनसारखा सागरी सस्तन प्राणी, आता दहाच्या आसपास उरला आहे, आणि त्याची गणना मुख्यतः पाण्याखाली ठेवलेल्या श्रवणयंत्रांतल्या टकटक आवाजांवरून चालत आली आहे. ते आवाज तासन्‌तास तपासणारा माणूस खुर्चीत बसलेला असतो, आणि त्याच्याशिवाय तो प्राणी कुठे आणि किती उरलाय हे सांगणं फार अवघड होतं.

परवाने, आणि तिथली माणसं

परवान्यांना सहा महिने धरा. संरक्षित क्षेत्रात शिरण्याचा वेगळा, प्राण्याला हात लावण्याचा वेगळा, नमुना घेण्याचा वेगळा. नमुना देशाबाहेर न्यायचा असेल तर दुर्मीळ प्रजातींसाठी 'साइटीस' करार लागू होतो, जो १९७५ पासून अमलात आहे, आणि जनुकीय साधनांसाठी २०१४ पासूनचा नागोया करार. पिसाचा एक तुकडा खिशात टाकून सीमा ओलांडणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. अर्ज कंटाळवाणे असतात, पण ते भरता येणारा माणूस प्रकल्पाला लगेच हवाहवासा होतो.

माणसांबद्दल मला जास्त बोलायचंय. दुसऱ्या हंगामात मी शून्यं नीट लिहीत होते. एका पट्ट्यात ती फारच येत होती. तिथे शिंपल्या वेचणाऱ्या एक आजी माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पोरी, दार लावून बसलेत ते. पाणी यायची वेळ झाली." मोठ्या नांगीचे ते खेकडे भरतीच्या आधी बिळाचं तोंड चिखलाच्या गोळीने बुजवतात. वरून काहीच दिसत नाही. मी शून्य लिहीत होते, ते खरं शून्य नव्हतं. त्या एका वाक्याने माझी मोजणीची वेळ बदलली आणि निबंध उभा राहिला. त्यांचं नाव मी निबंधाच्या शेवटी आभारांत टाकलं. ते लेखकांच्या यादीत असायला हवं होतं. हे मला आजही खुपतं, आणि म्हणून सांगते: ज्याच्या ज्ञानावर निष्कर्ष उभा आहे त्याला कामाच्या पहिल्या दिवशी विचारा की त्याचं नाव कसं यावं असं त्याला वाटतं.

बाहेरून यायचं, नमुने घ्यायचे, निघून जायचं, याला श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्हॉस 'पॅराशूट विज्ञान' म्हणतात आणि त्याविरुद्ध सातत्याने बोलतात. तुम्ही ज्या गावाच्या खाडीत काम केलंत त्या गावाला, त्यांच्या भाषेत, निष्कर्ष जाऊन सांगा. निबंध छापून येण्याआधी सांगा. चूक असेल तर तीच माणसं पकडतात.

पैसा

बहुतेक काम दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालतं. अनुदान संपतं आणि पुढचं लागेपर्यंत मधे काही महिने कोरडे जातात. माझे आठ महिन्यांपर्यंत गेले आहेत. त्या काळात मी इतरांच्या आकडेवारीचं विश्लेषण केलं, अहवाल संपादित केले, पर्यावरण-परिणामांच्या पाहण्या केल्या. म्हणून विश्लेषण किंवा लेखन यांपैकी एक तरी कौशल्य विकता येण्याइतकं पक्कं ठेवा. सरकारी वनखातं, मत्स्यखातं, संग्रहालयं, विद्यापीठं इथे स्थैर्य जास्त, जागा कमी. स्वयंसेवी संस्थांत जागा जास्त, मुदत छोटी.

बिनपगारी काम करावं का? माझं उत्तर: राहण्याजेवणाचा खर्च निघत असेल, मुदत ठरलेली असेल आणि शेवटी तुमच्या हातात काही पुरावा येणार असेल, तर एकदा करा. दुसऱ्यांदा नको. आणि काम करण्यासाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्या जाहिरातीला नोकरीची पायरी समजू नका. ज्यांच्या घरी पैसा आहे तेवढेच यावेत अशी ही चाळणी आहे. तिच्यामुळे या क्षेत्राने किती चांगले डोळे गमावले असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

पत्र

आता ते एक पान काढा. ज्यांच्याकडे काम करायचंय अशा पाच संशोधकांची यादी करा. प्रत्येकाचे दोन निबंध पूर्ण वाचा, सारांश नव्हे. मग पत्र लिहा, पंधरा ओळींच्या आत.

पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण आणि काय हवंय: प्रबंध, हंगामी काम, की नुसतं बोलणं. दुसऱ्यात त्यांच्या निबंधातली एक ठोस गोष्ट आणि तिच्यावरचा तुमचा एक खरा प्रश्न. तिसऱ्यात तुम्ही बारा आठवडे काय मोजलं, दोन वाक्यांत. पान सोबत जोडा. "लहानपणापासून निसर्गाची आवड" हे लिहू नका, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत ते असतं. पाच जणांना एकच पत्र पाठवू नका. आम्ही एकमेकांना ओळखतो आणि लगेच कळतं.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. बरेचदा पत्र आलं तेव्हा तो माणूस बोटीवर असतो. त्यानंतरही आलं नाही तर यादीत त्या नावापुढे तारीख आणि "उत्तर नाही" असं लिहा, आणि पुढच्या नावाकडे वळा. माझ्याकडे अशी पत्रं येतात तेव्हा मी मजकुराआधी जोडलेलं पान उघडते आणि त्यात शून्यं आहेत का, ते बघते.